माल, मॉल आणि मॉल रोड

"माल विकतात म्हणून मॉल का? आणि मग सिमल्याच्या मॉल रोडला मॉल का म्हणतात, तिथे तर तशी बिल्डिंग नाही" असा प्रश्न आलाय.

मालाशी काही संबंध नाही, माल अरबीतला. मॉलचं मूळ एका खेळात आहे. इटालियनमधे पाल्ला म्हणजे चेंडू आणि माल्यो म्हणजे लाकडी हातोडा, चेंडू टोलवायच्या खेळाचं हे जोडनाव फ्रान्समार्गे लंडनला आलं आणि पॅल मॅल झालं. 17व्या शतकात राजा दुसरा चार्ल्स सेंट जेम्स पार्कात हा खेळायचा, झाडांच्या रांगांमधे लांबलचक पट्टा असायचा. खेळ मागे पडला, पट्ट्याला नाव राहिलं (लंडनवाले अजून मॅलच म्हणतात), मग झाडांखालच्या फिरायच्या रस्त्यांनाही तेच. सिमल्याचा मॉल हा असा, दुकानवाल्या मॉलपेक्षा जुना.

दुकानांशी गाठ पडली अमेरिकन उपनगरांत. महायुद्धानंतर लोक शहराबाहेर राहायला गेले, खरेदीला गाडी काढायला लागले, आणि 1950 मधे सिएटलच्या उत्तरेला नॉर्थगेट उघडलं. समोरासमोर दुकानांच्या दोन रांगा, मधे फक्त पायी चालायची वाट, वर उघडं आकाश, गाड्या सगळ्या बाहेर आणि सामानाचे ट्रक जमिनीखालच्या बोगद्यातून. त्या मधल्या वाटेला मॉल म्हणायचे! म्हणजे पूर्ण जागा ती शॉपिंग सेंटर, मॉल हा तिचा एक भाग.

मग 1956 मधे मिनेसोटात एडायना इथे साउथडेल. आर्किटेक्ट व्हिक्टर ग्रुएन, मूळचा व्हिएन्नाचा, 1938 मधे नाझींमुळे देश सोडून आलेला. मिनेसोटातला हिवाळा भयंकर, म्हणून त्याने दोन मजल्यांची दुकानं आणि मधला चौक सगळंच एका छपराखाली घेतलं, आत बारा महिने सारखीच हवा. असे मॉल वाढत गेले तशी वाट वेगळी दिसेनाच, दिसायची एक मोठी इमारत, आणि वाटेचं नाव इमारतीला चिकटलं असं मला वाटतं. ग्रुएनला खरं तर भोवती घरं, शाळा, दवाखाने असं अख्खं गाव हवं होतं, ते झालं नाही, पुढे त्याने या मॉलांशी नातंच नाकारलं, याचं फार वाईट वाटतं.

आपल्याकडे शॉपिंग सेंटर हा शब्द आधी रुळला, हाजी अलीचं हिरा पन्ना घ्या, छोटे छोटे गाळे. त्याच भागात 1999 मधे क्रॉसरोड्स आलं आणि त्यानंतर मॉल तोंडात बसला. त्यामुळे नुसत्या गाळ्यांच्या बिल्डिंगला मी शॉपिंग सेंटरच म्हणेन, मधे मोठा बंदिस्त चौक असेल तर मॉल. आणि लिंग विचाराल तर ते सेंटर, पण तो मॉल.