शिल्लक 0, तरी पानावर ‘उपलब्ध’!

प्रश्न : पुस्तकांची यादी एक्सएमएल (माहिती नावांच्या खुणांमध्ये ठेवणाऱ्या) फाइलमधून जेएसपी (सर्व्हरवर जावाने तयार होणाऱ्या) पानावर आणतो. एक्स:फॉरईच (प्रत्येक पुस्तकासाठी पुन्हा चालणारा टॅग) याच्या आत सिलेक्ट="शिल्लक" असा एक्स:इफ (अट तपासणारा टॅग) आहे. शिल्लक 0 असलेल्या पुस्तकांपुढेही ‘उपलब्ध’च छापलं जातं. आणि नसेल तिथे ‘संपले’ कसं दाखवायचं?

उत्तर : टॅग बिनचूक चाललाय, अट अपुरी आहे. एक्सपाथमध्ये, म्हणजे एक्सएमएलमधले घटक शोधण्याच्या भाषेत, नुसतं घटकाचं नाव दिलं, तर तो घटक आहे की नाही एवढंच पाहिलं जातं. आत 0 असो वा काहीच नसो, अट खरी ठरते. सिलेक्ट="शिल्लक > 0" असं लिहा. आता मजकुराचा आकडा करून तुलना होईल. रिकामा घटक आकडा ठरत नाही, म्हणून अट खोटी. मात्र ‘५’ हा देवनागरी अंक किंवा स्वल्पविराम घातलेला ‘1,200’ हेही एक्सपाथला आकडे वाटत नाहीत. गोदाम भरलेलं असूनही पुस्तक ‘संपले’ दिसेल, आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात दिवस जाईल.

‘संपले’साठी एक्स:इफला जोडीदार नाही. एक्स:चूज घ्या, आत प्रत्येक अटीसाठी एक्स:व्हेन आणि शेवटी, एकही अट खरी नसेल त्यासाठी, एक्स:अदरवाइज. वरून पहिली खरी ठरलेली अटच लागते, म्हणून ‘शिल्लक > 10’ आधी आणि ‘शिल्लक > 0’ नंतर. एक्स:चूजच्या थेट आत मजकूर किंवा एचटीएमएल टिप्पणी टाकू नका, पान कंपाइलच होत नाही. जेएसपी टिप्पणी चालते.

शब्द तपासताना तो एकेरी अवतरणात हवा : भाषा = 'मराठी'. अवतरण विसरलात तर एक्सपाथ ‘मराठी’ नावाचा घटक शोधत बसतो. शब्दाच्या मागेपुढे मोकळी जागा येत असेल, तर भाषा हे नाव नॉर्मलाइझ-स्पेस() मध्ये गुंडाळा. ‘मराठी सोडून बाकीची’ हवी असतील तर != टाळा, कारण भाषा हा घटकच नसलेली पुस्तकं त्यात गळतात. नॉट(भाषा = 'मराठी') लिहिलं की तीही येतात. घटकांची नावं मराठीत आहेत, तेव्हा पेजएनकोडिंग (पानातली अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-8 ठेवायला विसरू नका.

प्रश्न : दुसऱ्या ठिकाणाहून आलेल्या फाइलवर हीच अट एकदाही लागत नाही. घटक तर डोळ्यांना दिसतोय.

उत्तर : मूळ घटकावर एक्सएमएलएनएस (नावं कोणत्या गटातली ते सांगणारी नेमस्पेसची खूण) आहे का, ते आधी पाहा. असेल तर उपसर्गाशिवायचं नाव जुळत नाही. *[लोकल-नेम() = 'शिल्लक'] > 0 असं लिहा. एक्स:फॉरईचमधला मार्गही याच पद्धतीने बदलावा लागेल.