विमानावर वीज पडली तर?

प्रश्न: जूनमध्ये पुण्याहून नागपूरला येताना खिडकीबाहेर लख्खकन उजेड झाला, धाडकन आवाज आला, आणि एअर होस्टेस म्हणाली, वीज पडली, घाबरू नका. घाबरू नका काय! आम्हाला शॉक कसा नाही लागला?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: घाबरणं साहजिक आहे हो, पण ती बाई खरंच बोलत होती. प्रवासी विमानाला सरासरी वर्षातून एकदा तरी वीज लागतेच. आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा वीज वरून येऊन पडत नाही, विमानच तिला सुरू करतं, म्हणजे चार्ज झालेल्या ढगात शिरलं की नाकाशी आणि पंखांच्या टोकांशी विजेचा ताण एकवटतो आणि ठिणगी तिथूनच फुटते.

विमानाची बॉडी अल्युमिनियमची, त्यामुळे करंट बाहेरच्या पत्र्यावरूनच धावतो आणि शेपटाकडून वगैरे निघून जातो, आत येत नाही. बोइंग ७८७ची बॉडी कार्बन फायबरची, ते वीज तेवढी नीट वाहून नेत नाही, म्हणून त्यात धातूची बारीक जाळी बसवलेली असते.

अगदीच काही होत नाही असं नाही. वीज टिकते क्षणभरच, पण तेवढ्यात विमान पुढे सरकतं, मग ती अंगावरून मागे मागे उड्या मारत जाते आणि पत्र्यावर करपलेल्या ठिपक्यांची रांगच उठते, कुठे रिव्हेटचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्याचं, डोकं वितळतं.

खरी भीती इंधनाची. ८ डिसेंबर १९६३ला अमेरिकेत मेरीलँडमधल्या एल्कटनजवळ पॅन ॲम या विमान कंपनीचं बोइंग ७०७ उतरायच्या परवानगीसाठी आकाशात घिरट्या घालत होतं, विजेमुळे पंखातल्या टाकीतली वाफ पेटली आणि ८१च्या ८१ जण गेले. त्यानंतर टाक्यांचा पत्रा, झाकणं, वाफ बाहेर सोडायच्या नळ्या, सगळ्यांकडे नव्याने बघितलं गेलं. आता टाकीजवळ ठिणगी उडणार नाही हे दाखवल्याशिवाय विमानाला सर्टिफिकेटच मिळत नाही.

मग पायलट गडगडाटी ढगाला एवढा लांबचा वळसा का घालतात? विजेपेक्षा आतल्या गारा आणि वर-खाली आपटणारे वारे जास्त वाईट म्हणून.

आणि हो, वीज लागलेलं विमान उतरलं की इंजिनिअर नाकापासून शेपटापर्यंत ते ठिपके शोधत फिरतात, ते झाल्याशिवाय पुढचं उड्डाण नाही, त्यामुळे तुमच्या नंतरच्या लोकांना नागपूरला ताटकळत बसावं लागलं असणार.