मॅडम, माझी प्रार्थनाच बंद पडलीय

"प्रार्थना होत नाही, म्हणजे देवानं मला सोडलं का?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की मोजणं सोडून दिलं. कुणी रडत विचारतं, कुणी भावाच्या नावावर खपवतं, "एका ओळखीच्या माणसाचं असं असं आहे" म्हणून. त्यातल्या एका बाईंची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.

मी नगरला असते, चर्चमधल्या अशा लोकांशी बसून बोलते (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ ऐकत नाही). या बाई नर्स, पन्नाशी ओलांडलेल्या, सगळं चर्च त्यांना सिस्टरच म्हणतं. पहिल्या दिवशी आल्या, "सलाम मॅडम" म्हणाल्या आणि पर्समधून एक जाडजूड वही काढून टेबलावर ठेवली. प्रार्थनेची वही. डावीकडं नावं, नवरा, मुलगा, सून, पाळकसाहेब, वॉर्डातले पेशंट, वर तारखा, आणि प्रत्येक चौकोनात निळ्या पेनानं टिक. अगदी टीपीआर चार्टसारखी (पेशंटचा ताप, नाडी, श्वास लिहायचा तक्ता) आखलेली. आणि मग एका पानापासून पुढं सगळं कोरं.

नवऱ्याच्या किडन्या गेल्या होत्या, दोन वर्षं डायलिसिस, चर्चमध्ये चेन प्रेयर (आळीपाळीनं अखंड प्रार्थना) झाली, उपास झाले, तरी ते गेले. त्यानंतर सिस्टर गुडघ्यावर बसायच्या आणि शब्दच यायचा नाही. दोनेक महिन्यांनी मुलगा प्यायला लागला, चर्चला येणं बंद. आणि एका प्रार्थना सभेत कुणीतरी सगळ्यांसमोर म्हणालं, "तुमची प्रार्थना कमी पडली सिस्टर." झालं. त्यांनी हिशोब मांडला की मी प्रार्थना थांबवली म्हणून घराचं रक्षणाचं कुंपण पडलं.

इथं माझं चुकलं ते पण सांगते. मी लगेच बायबलमधलं वचन काढलं, इब्री 7:25, की ख्रिस्त आपल्यासाठी मध्यस्थी करायला सर्वदा जिवंत आहे. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, ते मला पाठ आहे." मी बायबल मिटवलं. पाठ असलेलं वचन दुखऱ्या जागेवर आपटलं तर ते औषध होत नाही.

मग मी साधं विचारलं, झोप किती? तीन तास. जेवण? चहा-बिस्किट. वजन सात किलोनं उतरलेलं. मी म्हटलं आधी डॉक्टरांना दाखवा, हे नैराश्य असू शकतं, आणि त्यात माणसाला प्रार्थना सोडा, पेपर वाचणं पण जमत नाही. त्या म्हणाल्या, गोळी घेणं म्हणजे अविश्वास नाही का. मी म्हटलं सिस्टर, तुम्ही 28 वर्षं लोकांना गोळ्या देताय, तो सगळा अविश्वास वाटत होतात का? तेव्हा पहिल्यांदा हसल्या. औषध सुरू झालं, आणि खरं बोलणं त्यानंतरच्या बैठकांमध्ये झालं.

तिसऱ्या का चौथ्या वेळी आम्ही पेत्राकडं आलो, येशूचा शिष्य, त्याचंच दुसरं नाव शिमोन. लूक 22, शेवटच्या भोजनाच्या वेळचं. येशू म्हणतो, शिमोना, सैतानानं "तुम्हांला" गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण "तुझा" विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केलीय. मी म्हटलं हे तुम्हांला आणि तुझा नीट बघा. चाळणीत सगळेच शिष्य होते, पण विनंती नाव घेऊन एकाची. आणि केव्हा केली? पेत्रानं मागितली नव्हती, तो तर "मी मरायला पण तयार आहे" म्हणत होता. पडायच्या आधीच त्याच्यासाठी प्रार्थना होऊन गेलेली.

सिस्टर चटकन म्हणाल्या, "पण तरी त्यानं येशूला तीनदा नाकारलंच की, मी त्याला ओळखत नाही म्हणून!"

हाच मुद्दा आहे. येशूच्या प्रार्थनेनं पण पेत्राचं पडणं टळलं नाही, मग तुमच्या टिक चुकल्या म्हणून मुलगा पडला हा हिशोब कुठून आला? विनंती काय होती, तर विश्वास ढळू नये. आणि पुढं "तू वळलास म्हणजे" असं आहे, "वळलास तर" नाही. यावरून मुलगा परत येईलच अशी गॅरंटी मी दिली नाही, तशी कुणी देत असेल तर मला पटत नाही. पेत्राला दिलेला शब्द पेत्राचा होता.

आणखी एक गाठ होती. त्यांच्या डोक्यात चित्र असं की बाप, म्हणजे देव, रागावून बसलाय आणि येशू बाजूला उभा राहून "जाऊ दे ना" करतोय, आपली वशिल्याची माणसं असतात तसं. आपण "मध्यस्थी" म्हटलं की लग्न जुळवणारा नाहीतर तहसीलमधला माणूस डोळ्यासमोर येतो, त्यात त्यांची काय चूक. पण योहान 16 मध्ये येशूच म्हणतो की बाप स्वतः तुमच्यावर प्रीती करतो. पुत्राला ज्यानं पाठवलं त्यालाच पटवायला लागतं असं कसं होईल? 1 योहान 2:1 मध्ये आपल्या मराठी बायबलात शब्द आहे "कैवारी", तो मला फार आवडतो. कैवारी बाजू घेतो, पण तुमचं रेकॉर्ड स्वच्छ आहे असं खोटं सांगत नाही, त्याच्याकडं दाखवायला त्याचं स्वतःचं बलिदान आहे. कृपा म्हणतात ती हीच. तुमची वही भरली का कोरी, त्यावर ती ठरत नाही.

यावर सिस्टर बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे मी चार्ज देऊन घरी गेले तरी वॉर्ड चालूच असतो, तसं." मी म्हटलं हां, तसंच काहीतरी. तर त्या म्हणतात, "पण मॅडम, नाइटची सिस्टर पण डुलकी काढते हो." मग आम्ही दोघी हसलो, आणि स्तोत्र 121 त्यांनीच काढलं, इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही ते.

मी एकच काम दिलं. वही दोन महिने कपाटात ठेवायची, रात्री फक्त प्रभूची प्रार्थना (येशूनं शिकवलेली, "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" असलेली), शब्द नाही आले तर नुसतं बसायचं. रोम 8:26 मध्ये आत्मा अनिर्वाच्य कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतो असं आहे, म्हणजे कण्हणं पण चालतं.

मुलगा अजून पितो. मध्ये एकदा व्यसनमुक्तीला जाऊन आला आणि परत सुरू. सिस्टर त्याला पैसे देत नाहीत, जेवायला मात्र वाढतात.

परवा आल्या तेव्हा जरा ओशाळून सांगत होत्या, "रात्री 'रोजची भाकर' पर्यंत आले आणि झोपच लागली. पाच तास."

मी विचारलं, उरलेली सकाळी पूर्ण केलीत का?

"नाही," म्हणाल्या. "राहू दिली."