आधी नोकरी की आधी ट्रीटमेंट?

तालुक्याच्या गावी मी आठवड्यातून दोन दिवस समुपदेशनासाठी बसते. बसस्थानकामागच्या एका कृषी सेवा केंद्राच्या वरच्या मजल्यावर ही खोली आहे. खालून कीटकनाशकांचा वास येतो, पण जिना चढणारा माणूस कशासाठी वर गेला हे बाजारात कोणालाही कळत नाही, म्हणून मी ती सोडलेली नाही. जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःची जाणीव यांचा मेळ बसत नाही म्हणून येणारी मुले थोडीच असतात, परंतु जी येतात, त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो: "मॅडम, आधी नोकरी पाहू का आधी ट्रीटमेंट चालू करू?" या प्रश्नाला मी पूर्वी जे उत्तर देत असे ते आता देत नाही. ते का बदलले, हे एका मुलाच्या अनुभवावरून सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो २०२३ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा आला. वय २४, शिक्षण बी.कॉम., एमएस-सीआयटी आणि मराठी टायपिंगची परीक्षा पास, आणि एका ऑनलाइन सेवा केंद्रात महिना ७,००० रुपयांवर कामाला. घरी पाच एकर कोरडवाहू शेती, आई-वडील आणि धाकटा भाऊ. जन्मनोंद मुलगी म्हणून झालेली, पण कळू लागल्यापासून तो स्वतःला मुलगाच समजत आला होता. पहिली वीस मिनिटे तो क्रियापदाला लिंग लागणार नाही अशीच वाक्ये जुळवत होता: "येणं झालं", "काही सुचत नाही", "झोप लागत नाही". "मी गेलो" म्हणावे की "मी गेली", हा पेच मराठी बोलणाऱ्याला दर दुसऱ्या वाक्याला पडतो, आणि तो चुकवत बोलायचे म्हणजे किती दमणूक असते याचा विचार आपण सहसा करत नाही. इथे कसे बोललेले तुला आवडेल, असे मी विचारले तेव्हा त्याने मान खाली घालून "गेलो" एवढाच शब्द उच्चारला.

त्याची अडचण साखळीसारखी होती. पैसा नाही म्हणून उपचार नाहीत. उपचार नाहीत म्हणून साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून मुलाखतीला जाणे नको होते. आणि उपचार सुरू करून आवाज फुटला, तर गुणपत्रिकेवरचे नाव आणि समोर उभा असलेला माणूस जुळणार नव्हता. त्यात घरच्यांची घाई. दिवाळीनंतर कापूस घरात आला, तुळशीचे लग्न लागले, की पाहुणे बघायला येणार हे ठरलेलेच होते.

मी त्याला तेव्हा सरळ सांगितले की आधी नोकरी मिळव, पायावर उभा राहा, बाकीचे पुढे पाहू. हा सल्ला ऐकायला समंजस वाटतो आणि देणाऱ्यालाही सुरक्षित वाटतो. तो "हो मॅडम" म्हणाला आणि तीन महिने फिरकला नाही.

मेच्या अखेरीस तो परत आला तेव्हा पारा ४४ अंशांच्या पुढे होता. एका परीक्षेच्या रांगेत त्याला भोवळ आली होती. सलाईन लावताना नर्सला दिसले की छाती सपाट दिसावी म्हणून त्याने मुरगळलेल्या पायाला बांधतात ती क्रेप बँडेज तीन पदरी आवळून बांधली होती. त्या पट्टीने बरगड्यांवर दाब येतो, श्वास पूर्ण घेता येत नाही आणि त्वचा सोलवटते. विदर्भाच्या उन्हाळ्यात तर ते फारच धोक्याचे. थांबण्याचीही किंमत असते आणि ती हा मुलगा रोज अंगावर सोसत होता, हे मला त्या दिवशी कळले. "पुढे पाहू" म्हणताना ती माझ्या हिशेबातच नव्हती.

म्हणून पुढच्या भेटीत आम्ही "आधी काय" हा प्रश्न बाजूला ठेवला आणि एक शंभर पानी वही घेतली. लिंगबदल ही एकच मोठी, महागडी, एका दिवसात घडणारी गोष्ट आहे असे त्याच्या मनात होते आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात होते. प्रत्यक्षात त्याचे बरेच तुकडे पडतात. केस कापणे आणि शर्ट-पँट घालणे याला परवानगीही लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. छातीसाठी मापाचा, श्वास घेऊ देणारा बाइंडर, म्हणजे छाती सपाट ठेवणारा घट्ट बनियन, त्याच्या एका महिन्याच्या बचतीत बसला, आणि दिवसात आठ तासांपेक्षा जास्त वापरायचा नाही व रात्री काढून ठेवायचा, हे त्याने वहीत लिहून घेतले. मानसोपचारतज्ज्ञांकडून मूल्यमापनाचे पत्र घ्यायचे होते, ते जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर मिळण्यासारखे होते. हे पत्र म्हणजे वेडाचा दाखला, अशी त्याची समजूत होती. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या रोगवर्गीकरणात ही स्थिती मानसिक आजारांच्या यादीतून काढलेली आहे, हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. हार्मोनचे इंजेक्शन, कागदपत्रे आणि शस्त्रक्रिया हे पुढचे तुकडे होते, आणि प्रत्येकापुढे आम्ही तीन गोष्टी लिहिल्या: खर्च किती, मागे फिरता येते का, आणि हे घरी किंवा कामाच्या ठिकाणी आपोआप कळेल का.

त्या वहीत प्रवासखर्चाचे पान सगळ्यात जाड झाले. शहरातल्या सल्लागारांच्या हे ध्यानात येत नाही, पण आमच्याकडे औषधापेक्षा एस.टी. महाग पडते. हार्मोनचे डॉक्टर नागपुरात, म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटरवर; जाण्या-येण्यात दिवस मोडतो आणि त्या दिवसाचा पगार कापला जातो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे तिकीट झाले होते, त्यामुळे तो हिशेबात निम्मे भाडे धरत होता. मी विचारले, "मिशी फुटल्यावर कंडक्टर निम्मे देईल का?" त्या खोलीत आम्ही दोघे पहिल्यांदा हसलो ते तेव्हा. मग त्याने आकडे खोडून पूर्ण भाडे लिहिले.

खरी गुंतागुंत कागदांची होती, आणि तिथे माझ्यापेक्षा त्यालाच जास्त कळत होते, कारण दिवसभर तो लोकांचे अर्ज भरत असे आणि एका वेलांटीवरून अर्ज कसा बाद होतो हे त्याने पाहिले होते. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी पर्याय ठेवायला लावला होता. ती बातमी त्याने मोबाइलमध्ये जपून ठेवली होती. पण त्याचे लक्ष तलाठी भरतीवर होते, आणि तिचे अर्ज जूनच्या अखेरीस सुरू झाले. हातातले सगळे कागद जुन्या नावाचे होते. अर्ज एका नावाने भरून कागदपत्र पडताळणीपर्यंत दुसरे नाव घेतले तर निवड झालेली जागाही अडकू शकते, हे त्यानेच मला समजावले. म्हणून असे ठरले की नाव बदलायचे ते अर्जाच्या आधी किंवा ती प्रक्रिया पुरती संपल्यावर, मध्ये मुळीच नाही. अर्जात त्याने त्या दिवशीच्या कागदांप्रमाणेच माहिती भरली. महिलांच्या ३० टक्के समांतर आरक्षणाचा लाभ घ्यायचा की नाही, यावर त्याने दोन रात्री काढल्या आणि शेवटी घ्यायचा नाही असे ठरवले. उद्या ज्याचे स्पष्टीकरण द्यावे लागेल अशा आधारावर नोकरी नको, असे त्याचे म्हणणे पडले. मी त्यात हो किंवा नाही म्हटले नाही. दुसऱ्या कोणी तो लाभ घेतला असता, तर त्याला मी चूक म्हटले नसते.

पैशाच्या बाबतीत मात्र मी आग्रह धरला. त्याचे खाते वडिलांबरोबर संयुक्त होते आणि बँकेचा प्रत्येक मेसेज वडिलांच्या मोबाइलवर जात असे. स्वतःच्या एकट्याच्या नावाचे खाते उघडायचे, त्याला स्वतःचा नंबर जोडायचा, आणि सहा महिन्यांचे खोलीभाडे व खानावळ एवढी रक्कम जमेपर्यंत मागे न फिरणारे पाऊल टाकायचे नाही, असा करार झाला. मूळ कागद तो एकेक करून घरातून आणून सेवा केंद्राच्या कपाटात ठेवू लागला. घरचे वाईट होते असे नाही. पण रागाच्या भरात गुणपत्रिका चुलीत गेल्याचे प्रकार मी पाहिले आहेत. आयुष्मान भारतअंतर्गत तृतीयपंथीयांच्या वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांसाठी ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या पातळीवर करार झाला होता, त्याची बातमीही त्याच्याकडे होती. जोवर एखादे रुग्णालय आम्ही ही शस्त्रक्रिया योजनेत करतो असे लिहून देत नाही, तोवर ती रक्कम वहीत मांडायची नाही, असे मी त्याला सांगितले, आणि आजही सर्वांना तेच सांगते.

दिवाळीनंतर पाहुणे आलेच. परीक्षेचा निकाल लागेपर्यंत लग्न नको, एवढेच त्याने घरी सांगितले. सरकारी नोकरीच्या आशेपुढे आमच्याकडे मुहूर्तही थांबतो. जानेवारी २०२४ मध्ये निकाल लागला आणि यादीत त्याचे नाव नव्हते.

त्या निराशेत एक गोष्ट मोकळी झाली, ती म्हणजे कागद. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१९ च्या कायद्यातील त्या वेळच्या तरतुदीनुसार जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या ओळख प्रमाणपत्रासाठी राष्ट्रीय पोर्टलवरून प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येत होता आणि त्यासाठी वैद्यकीय तपासणीची अट नव्हती. नियम बदलत असतात, म्हणून वाचकांनी अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशीची तरतूद तपासून घ्यावी. ज्याने शेकडो लोकांचे अर्ज भरले त्याने स्वतःचा अर्ज मात्र आपल्या केंद्रात भरला नाही. जिल्ह्याच्या गावी जाऊन अनोळखी सायबर कॅफेत भरला. प्रमाणपत्रावर "पुरुष" नव्हे तर "ट्रान्सजेंडर" लिहिले गेले, याचे त्याला वाईट वाटले, कारण "पुरुष" अशी नोंद व्हायला पुढे वैद्यकीय उपचारांचा दाखला लागत होता. तरी राजपत्रातली नावबदलाची नोंद झाली आणि आधार, पॅन, बँक हे सारे नवीन नावाने झाले. पहिल्या पगारापूर्वी हे उरकण्याचा फायदा असा की भविष्यनिर्वाह निधीचे खाते आधारवरून उघडते. नंतर तिथे नाव आणि लिंग बदलायचे तर तेव्हा मालकाची मंजुरी लागत असे.

पदवी आणि गुणपत्रिका जुन्याच नावाच्या राहिल्या. त्यामुळे मुलाखतीत सांगायची दोन वाक्ये आम्ही खोलीत पुन्हा पुन्हा म्हणून पाहिली: "गुणपत्रिकेवर माझे पूर्वीचे नाव आहे. राजपत्र आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे." एवढे बोलून थांबायचे, शरीराविषयीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाही. कायदा नोकरीत भेदभाव करू नका म्हणतो. दोन ठिकाणी त्यांनी भेदभाव केला नाही, फक्त "कळवतो" म्हणाले आणि कळवले नाही. तिसऱ्या ठिकाणी, नागपूरजवळच्या एका गोदामात, बिलिंगच्या कामावर त्याला १६,५०० रुपयांवर घेतले. तिथल्या वयस्क हिशेबनिसांनी एवढेच विचारले, "टॅली येते ना?"

तिसऱ्या पगारानंतर, वहीतली रक्कम पूर्ण झाल्यावर, त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोनचे इंजेक्शन, सुरू केले. पुढे मूल हवेसे वाटले तर काय, हा प्रश्नही डॉक्टरांनी सुरुवातीलाच काढला होता. दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी होते, रक्त दाट होत नाही ना ते पाहतात. काही महिन्यांत पाळी थांबली आणि आवाज उतरू लागला. इंजेक्शन बंद केले तरी उतरलेला आवाज परत चढत नाही. मागे न फिरणारे म्हणून वहीत ज्याखाली लाल रेघ ओढली होती, ते हेच.

हा बदल कामाच्या ठिकाणी आधी कळेल, असा आमचा दोघांचा अंदाज होता. कळला तो घरी, फोनवर. गेल्या महिन्यात आई म्हणाली, "काहून वो बाई, आवाज काहून बसला तुया? हयद-दूध घेत जाय." तो "सर्दी हाये" म्हणाला. सर्दी किती दिवस पुरणार, असे त्याने मला विचारले. आईला आधी एकटीला सांगायचे, तेही सोयाबीनचे चुकारे होऊन घर जरा सैल झाल्यावर, आणि त्या वेळी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ माहीत असू द्यायची, एवढे आतापर्यंत ठरले आहे. सहा महिन्यांची रक्कम त्याने अजून मोडलेली नाही.