युद्धात बेचिराख झालेल्या कॉव्हेंट्रीत पाहण्यासारखं काही उरलंय का? मुलीला वॉरिक विद्यापीठात सोडायला जातोय, हाताशी दोन दिवस आहेत. की सरळ ऑक्सफर्ड गाठावं?

आधी एक कामाची गोष्ट: वॉरिक विद्यापीठ वॉरिक गावात नाही, कॉव्हेंट्रीच्या हद्दीला लागून आहे. हॉटेल इथलंच घ्या. मी याच भागात राहतो. माझं ऐकाल तर एक पूर्ण दिवस या शहराला द्या. मात्र जुनं, देखणं इंग्लंड शोधत आलात तर हिरमोड होईल. इथे बघायचं ते नव्याने उभारलेलं शहर.

मोटारी आणि विमानांच्या इंजिनांचे कारखाने इथे होते, म्हणून 14 नोव्हेंबर 1940च्या रात्री जर्मन विमानांनी हे शहर भाजून काढलं. पाचशेहून जास्त माणसं गेली. पण सगळं खापर जर्मनांच्या माथी फोडू नका. लाकडी घरांची बुचर रो ही जुनी गल्ली रस्तारुंदीसाठी नगरपालिकेनेच 1936च्या सुमारास पाडली होती. डोनाल्ड गिब्सन या तरुण नगर-वास्तुविशारदाने तर 'उद्याच्या कॉव्हेंट्री'चं प्रदर्शन मे 1940मध्येच भरवलं होतं, म्हणजे हल्ल्याच्या सहा महिने आधी! बाँबनी त्याला मोकळी जागा दिली, इतकंच.

त्यातून झाली ती 'प्रिसिंक्ट', गाड्यांना मज्जाव असलेली बाजारपेठ. दुकानं तीच, जी इंग्लंडात कुठेही दिसतात. पण खालच्या टोकाला उभं राहून वर बघा: जुन्या कॅथेड्रलचा सुमारे 90 मीटरचा मनोरा बरोबर नजरेच्या रेषेत येतो. आखणीच तशी केली आहे. जवळच 1958ची गोल मंडई आहे, आणि पार्किंगची आखणी चक्क तिच्या छपरावर केलेली. दक्षिणेकडच्या काही इमारती आता पाडायला घेतल्यात, तेव्हा ही 1950च्या दशकातली वास्तुकला बघायची तर लवकर बघा.

खरा वेळ काढा कॅथेड्रलसाठी. छप्पर उडालेलं जुनं सेंट मायकल तसंच ठेवलंय. वेदीमागे 'हे पित्या, क्षमा कर' एवढंच कोरलंय. त्याला काटकोनात बॅसिल स्पेन्सचं नवं कॅथेड्रल, 1962मध्ये अर्पण झालेलं. दोहोंमध्ये काचेची भलीमोठी भिंत, तिच्यावर कोरलेले संत आणि देवदूत. आत शिरल्यावर आधी समोरचा ग्रॅहम सदरलंडचा विणलेला पट दिसतो, सुमारे 23 मीटर उंचीचा, फ्रान्समध्ये एकसंध विणलेला. बाजूच्या रंगीत खिडक्या मात्र दिसत नाहीत. बरेच लोक तिथूनच फोटो काढून परत फिरतात. तसं करू नका. भिंती करवतीच्या दात्यांसारख्या वळवल्या आहेत. वेदीपर्यंत जाऊन मागे वळलात की सगळ्या खिडक्या एकदम उघडतात.

जुनंच हवं असेल तर शेजारी सेंट मेरीज गिल्डहॉल आहे, चौदाव्या शतकातला, त्या रात्रीतून वाचलेला. स्पॉन स्ट्रीटवरची लाकडी घरं छान आहेत, पण त्यातली काही शहरात इतरत्र सुटी करून इथे आणून बसवलेली.

वाहन संग्रहालय सायकल-मोटारवेड्यांसाठी: आजच्या सायकलची पूर्वज ठरलेली रोव्हर 1885मध्ये इथेच झाली, आणि 1997मध्ये जमिनीवर आवाजापेक्षा वेगाने धावलेली थ्रस्ट एसएससीही तिथेच आहे. वाहनांची आवड नसेल तर हर्बर्ट कलादालन गाठा, तिथे प्रवेश फुकट आहे.

कॅथेड्रल रविवारी सकाळी टाळा, तेव्हा प्रार्थना असते. ऑक्सफर्ड दुसऱ्या दिवशी. आगगाडीने सहज होतं.