अर्धा तास ब्रीफिंग कशाला?

प्रश्न : यांच्या मित्राची ३५ फुटी शिडाची नौका गेटवेसमोर असते. डिसेंबरमध्ये एका रविवारी तो आम्हा पाच जणांना (आम्ही दोघं, ९ वर्षांचा मुलगा, नणंद आणि ६८ वर्षांच्या सासूबाई) मांडव्याच्या दिशेनं फिरवून आणणार आहे. निघण्याआधी अर्धा तास ‘सेफ्टी ब्रीफिंग’ घेईन म्हणतो. मांडव्याच्या लाँचवर तर कुणी काही सांगत बसत नाही, मग इथेच एवढं काय? आणि सासूबाईंना पोहता येत नाही. त्यांना न्यावं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मित्र शहाणा आहे, खुशाल जा. लाँचवर तुम्ही तिकीट काढून बसता; तांडेल आणि खलाशी वेगळे असतात. शिडाच्या नौकेवर खलाशी तुम्हीच. नौका चालवता येणारा माणूस एकटा तो, आणि नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, जाऊन अडकलेलं शीड सोडवायलाही तोच धावणार. म्हणजे पाण्यात पडायचा पहिला मान बहुधा त्याचाच! तो पडला की वर उरता तुम्ही पाच जण, आणि नौका थांबवायची कशी हे एकालाही ठाऊक नाही. ब्रीफिंग असतं ते यासाठी. मी शिडाच्या नौका शिकवते, आणि नवख्यांना सगळ्यात आधी हेच विचारते : मी पडले तर काय कराल?

तेव्हा नुसत्या माना डोलवू नका, प्रत्येक गोष्ट हातानं करून बघा. ‘माणूस पडला!’ अशी आरोळी ठोकायची. एकानं, समजा नणंदेनं, त्याच्याकडे बोट रोखून उभं राहायचं आणि दुसरं काहीही करायचं नाही. लाटांत डोकं नारळाएवढं दिसतं. क्षणभर नजर हटली की पुन्हा सापडत नाही. दुसऱ्यानं कड्यासारखं बोयं फेकायचं. तिसऱ्यानं मोठ्या शिडाचा दोर मोकळा सोडून नाळ वाऱ्याकडे वळवायची. शिडं फडफडायला लागली की नौकेचा वेग मरतो. तो दोर कुठल्या खाचेत अडकवलाय आणि कसा झटका दिला की सुटतो, हे धक्क्यावर नाही, नौकेवर बसून बघा. इंजिन सगळ्यात शेवटी, तेही पाण्यात एखादा दोर लोंबत नाही ना हे पाहून. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात दोर गुंतला की इंजिन गेलंच. माणूस जवळ आला की गिअर न्यूट्रलला.

त्याला वर घेणं हे खरं अवघड काम. भिजलेला मोठा माणूस दोघांना ओढून वर येत नाही. मागची शिडी कशी खाली सोडतात ते विचारून ठेवा.

मदत मागायची तर रेडिओवर चॅनेल १६. बटण दाबून धरायचं आणि बोलायचं : तीनदा ‘मेडे’, नौकेचं नाव, कुठे आहोत, काय झालं, किती माणसं. बोलून झालं की बटण सोडायचं, नाहीतर उत्तर ऐकूच येत नाही. हे काम सासूबाईंना द्या. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि रेडिओ बंद असताना एकदा म्हणून घ्या. फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आहेच.

लाइफ जॅकेट आपोआप फुगणारं असेल तर गॅसची छोटी नळकांडी घट्ट बसली आहे का ते बघा. मांड्यांमधून जाणारा पट्टा लोक लाजून बांधत नाहीत. पण तो नसला की जॅकेट कानांपर्यंत सरकतं आणि माणूस खालीच राहतो. मुलाला त्याच्या वजनाचं, फोमचं. जॅकेट बाकड्याखाली ठेवून उपयोग नाही. पडणारा माणूस आधी बाकडं उघडत नाही.

बाकीचं भराभर सांगते. बूम, म्हणजे मोठ्या शिडाखालची आडवी दांडी, वारा मागून असताना अचानक या बाजूची त्या बाजूला येते आणि डोक्याच्या उंचीवरून येते. ‘डोकी खाली’ ऐकलं की कारण विचारू नका. ओढणी आणि पदर घरी ठेवा, विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चाकावर, दोराबरोबर गुंडाळले जातात. पायात बंद बूट. गॅसची शेगडी वापरली तर वापर झाल्यावर कॉक बंद; तो गॅस हवेपेक्षा जड असतो, नौकेच्या तळाशी साचतो. मळमळीची गोळी निघण्याआधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही. आणि पुरुष मंडळींना सांगा, कठड्याशी उभं राहून लघवी करू नका. हसू नका, माणसं अशीच पडतात.

नौकेत पाणी शिरलं तरी उडी मारायची घाई नको. १९७९च्या फास्टनेट शर्यतीत वादळात १५ स्पर्धकांचा जीव गेला, आणि सोडून दिलेल्या नौकांपैकी बऱ्याच नंतर तरंगत सापडल्या.

मित्राला एक अवश्य विचारा : न्हावा शेवाच्या बंदराला जाणाऱ्या जहाजांचा मार्ग कसा ओलांडणार? शिडाच्या नौकेला सगळ्यांनी वाट द्यावी ही समजूत त्या अरुंद मार्गात चालत नाही. तिथे वाट आपण सोडायची; कंटेनरचं जहाज ब्रेक लावल्यासारखं थांबत नाही.

सासूबाईंना जरूर न्या. पोहणं न येणं ही अडचण नाही, धक्क्यावरून डिंगीत (नौकेपर्यंत नेणाऱ्या छोट्या होडीत) आणि डिंगीतून नौकेवर चढणं ही आहे, विशेषतः ओहोटीला पायऱ्या शेवाळलेल्या असताना. मित्राला भरतीची वेळ साधायला सांगा. त्यांचे दोन्ही हात मोकळे असू द्या, पर्स आणि डबा नणंदेकडे. किनाऱ्यावरच्या कुणाकडे तरी सगळ्यांची नावं आणि परतायची वेळ लिहून द्या, आणि परत आल्यावर त्यांना तसं कळवा.