लोककथांत प्राणी का बोलतात, आणि लबाडी करणाऱ्याला शिक्षा का होत नाही?

वाघ बोलतो, कारण जो बोलतो त्यालाच थाप मारता येते. मुका वाघ समोर आला तर म्हातारीने पळायचं, आणि ती किती पळणार? तो "तुला खाणार" म्हणाला, म्हणून तिला "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग खा" असं म्हणायला जागा मिळाली. पंचतंत्रातला मगरही भर पाण्यात "बायकोला तुझं काळीज हवंय" असं सांगून बसतो, म्हणून तर माकड "ते जांभळीवर राहिलं" म्हणून सुटतं.

जादूने फक्त वाट सरते. भोपळा टुणूक टुणूक निघाला तरी वाघ अडवतोच. तिथे कामी येतं ते "म्हातारी कोतारी मला काय ठाऊक" हे धडधडीत खोटं.

नेमकं तेच काहींना सोसत नाही. माझ्या मुलीच्या शाळेत स्नेहसंमेलनाला हीच गोष्ट बसवली होती. मुलगी म्हातारी झाली होती, माझ्या आईचं नऊवारी दुमडून दुमडून नेसवलेलं. शेवटी भोपळा फुटला आणि म्हातारीने हात जोडून वाघाची माफी मागितली: "मी खोटं बोलले, पुन्हा बोलणार नाही." वाघाने उदार मनाने माफ केलं. टाळ्या पडल्या. मी बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, चुकीचे संस्कार नकोत. घरी आमच्या वन्संनीही त्यांचीच बाजू घेतली आणि अजून सोडलेली नाही.

जो खायला निघालाय त्याची माफी कसली मागायची? रस्त्यात कोणी अनोळखी माणसाने अडवलं तर "बाबा मागूनच येतायत" म्हणायचं, बाबा गावाला असले तरी, असं मी मुलीला शिकवलंय. वन्संच्या हिशेबाने तिने त्या माणसाचीही माफी मागायला हवी.

शेवट बदलायची ही खोड जुनी आहे. पंचतंत्रात दमनक कोल्हा सिंह आणि बैलाची मैत्री तोडतो, बैल मारला जातो आणि दमनक प्रधान म्हणून मिरवतो. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा या लेखकाने ते पहलवी या जुन्या इराणी भाषेवरून अरबीत नेलं. त्या अरबी 'कलीला व दिम्ना'त (दिम्ना म्हणजे आपला दमनक) दमनकावर खटला चालवणारं आणि त्याला मरण देणारं जादा प्रकरण आहे.

हे मान्य की दमनक म्हणजे म्हातारी नव्हे. तो जिवावर बेतलं म्हणून खोटं बोलत नाही, खुर्चीसाठी बोलतो, आणि मला तो मुळीच आवडत नाही. फार लहान मुलांना त्याची गोष्ट मी सांगणार नाही. पण सांगितलीत तर शेवट आहे तसा सांगा. "त्याला शिक्षा का नाही झाली?" असं मूल चिडून विचारेल, विचारू दे. आणि म्हातारीला तेवढं माफी मागायला लावू नका, वन्सं, तुम्हीसुद्धा.